गाण्याला कविता म्हणून मोठे करू नका

गाण्याचा गौरव करायची वेळ आली की आपल्याकडच्या साहित्यरसिकांना हमखास एकच वाक्य सुचते : 'हे नुसते गाणे नाही, ही कविता आहे.' या वाक्यातला 'नुसते' आम्हांला फार दिवस खुपत आला आहे. एखाद्या शिल्पाची थोरवी सांगताना 'हा नुसता दगड नाही, हा उत्तम निबंध आहे' असे कोणी म्हणत नाही. गाण्याच्या वाट्याला मात्र असा सन्मानपूर्वक अपमान नेहमीच येतो. २०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि या अपमानावर जणू स्वीडिश अकादमीचाच शिक्का बसला. त्यानंतर आमच्या पाहण्यात आलेल्या वर्गांमधली पद्धत साधारण अशी : गाण्याचे शब्द झेरॉक्स करून वाटायचे, प्रतिमांखाली रेघा मारायच्या, रूपक कोणते आणि प्रतीक कोणते याचा निवाडा करायचा आणि तास संपायला पाच मिनिटे उरली व स्पीकर चालू स्थितीत असला तर गाणे ऐकवायचे. मुले तेव्हा वह्या आवरत असतात.

गंमत अशी की ज्याच्या नावावर हे सारे खपवले जाते त्या डिलन यांनी २०१७ सालच्या नोबेल व्याख्यानात याच्या नेमके उलट सांगितले आहे. गाणी ही साहित्याहून वेगळी असतात, शेक्सपिअरची नाटके जशी रंगमंचावर करण्यासाठी आहेत तशी गाणी गाण्यासाठी आहेत, वाचण्यासाठी नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. पारितोषिक घेणाऱ्याने दिलेला हा इशारा पारितोषिकावर खूश झालेल्या प्राध्यापकांनी वाचलेला दिसत नाही.

आम्हांला या पद्धतीशी भांडायचे आहे, पण ते डिलन यांच्या अंगणात नको. तिथे साठ वर्षांच्या टीकेचे ओझे आहे, आणि क्रिस्टोफर रिक्स यांच्यासारखा मिल्टन-कीट्सचा अभ्यासक २००३ साली त्यांच्या गाण्यांवर भलाथोरला ग्रंथ लिहून बसला आहे. त्यापेक्षा आम्ही २००० ते २००९ या दशकातली, 'इंडी' या सैल नावाखाली मोडणारी काही गाणी घेतो. ती आमच्या आवडीची आहेत हे लपवण्याचे कारण नाही. काहीच न आवडणाऱ्या समीक्षकावर आमचा विश्वास नाही. मात्र 'आवड ज्याची त्याची' या छत्रीखालीही आम्ही उभे राहणार नाही. आवडीला कारणे असतात आणि ती मांडता आली पाहिजेत.

'इंडी' म्हणजे मुळात इंडिपेंडंट, स्वतंत्र. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर, छोट्या छापखान्यांसारख्या चालणाऱ्या कंपन्यांनी काढलेले संगीत. आपल्या लघुनियतकालिकांशी याचे नाते जोडण्याचा मोह वाचकांना होईल. तो फार ताणू नये इतकेच. या दशकात हा शब्द अर्थव्यवहाराकडून शैलीकडे घसरला, आणि खाली येणाऱ्या गाण्यांपैकी एक तर इंटरस्कोप या बड्या कंपनीने काढलेले आहे. शब्दाची सोवळी आम्ही पाळत नाही. आम्हांला या गाण्यांचे महत्त्व वाटते ते दुसऱ्या कारणाने. त्यांतली बहुतेक आपल्याकडे आली ती एमपीथ्रीच्या फायलींतून, वसतिगृहातल्या संगणकावरून संगणकावर उतरत, मुखपृष्ठ नाही, शब्दांची पुस्तिका नाही अशा स्थितीत. अमेरिकन आणि स्वीडिश उच्चार निम्मे कळत नव्हते. तरीही गाणी लागू पडत होती, आणि जे लागू पडत होते ते शब्दार्थाच्या आधी लागू पडत होते. ज्यांना ही 'अपुरी समज' वाटते त्यांनी पुढचे उदाहरण पाहावे.

स्वीडनच्या 'द नाइफ' या भावंडांच्या जोडीचे 'हार्टबीट्स' हे गाणे २००३ च्या 'डीप कट्स' या अल्बमवर आहे. त्याच वर्षी होसे गोन्झालेस या स्वीडिश गायकानेही ते आपल्या 'व्हेनीर' या अल्बमवर गायले. शब्द तेच. २००५ साली सोनीच्या दूरदर्शन संचाच्या जाहिरातीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरून हजारो रंगीत चेंडू उड्या मारत खाली येताना जे ऐकू येते ते गोन्झालेसचे रूप, आणि जगातल्या बहुतेकांना तेच माहीत आहे. मूळ गाण्यात सिंथेसायझरचे चकचकीत, काहीसे उर्मट सूर आहेत आणि त्यांवर कारिन ड्रायरचा ताणलेला, कडेला धार असलेला आवाज. एका रात्रीची आठवण तिथे भाजल्यासारखी सांगितली जाते. त्या रात्रीतून आपण सुटलो की नाही हे सांगणाऱ्यालाच ठाऊक नाही. गोन्झालेसच्या बोटांखाली नायलॉनच्या तारांची गिटार आहे, आवाज खाली, जवळजवळ स्वतःशी. रात्र तीच, पण ती आता निवांतपणे मागे पडली आहे. जखम नाही, तिची खूण आहे. आता आमचा सरळ प्रश्न असा : वर्गात वाटलेल्या झेरॉक्सवर यांपैकी कोणते गाणे छापलेले असते? दोन्ही म्हणाल तर कागदाने दोन विरुद्ध अनुभवांतला फरक पुसून टाकला. कोणतेही नाही म्हणाल तर आमचेच म्हणणे मान्य केलेत.

यावर एक ठरलेले उत्तर येते : कवितेचीही वाचने वेगवेगळी होतात. होतात ना. पण कवितेचे वाचन बदलले तरी कविता तिथेच राहते, आणि वाचन चूक आहे असे तिच्याच आधाराने म्हणता येते. 'हार्टबीट्स'च्या शब्दांना साक्षीला बोलावून ड्रायर चूक की गोन्झालेस चूक हे ठरवून दाखवा.

याहून धारदार उदाहरण 'याह याह याह्ज' या न्यूयॉर्कच्या त्रिकुटाच्या 'मॅप्स'चे (२००३). या गाण्याचे शब्द पोस्टकार्डावर मावतील आणि पत्ता लिहायला जागा उरेल. थांबण्याची विनवणी आहे, इतरांचे प्रेम माझ्या प्रेमासारखे नाही असे एक साधे विधान आहे, आणि मध्येच नकाशांचा उल्लेख येतो. तो का येतो हे शब्दांवरून कळायला मार्ग नाही. कागदावर हे शाळकरी वाटेल. ऐकताना मात्र निक झिनरच्या गिटारचा थरथरता एकच स्वर आधी सुरू होतो, मग ब्रायन चेसचे ढोल लष्करी संचलनासारखे येतात, आणि या दोन्हींच्या मध्ये कॅरन ओ ते विधान करते. बँडमध्ये बास गिटार नाही, त्यामुळे खालचा मजला रिकामा आहे. आवाजाला टेकायला जागा नाही. दर आवर्तनात ती तेच म्हणते आणि दर वेळी म्हणण्यातली खात्री थोडी कमी होते. विधान युक्तिवादाचे आहे, आवाज हरल्याचा आहे.

आता २०११ मध्ये या. 'व्हॅम्पायर वीकेंड'चा एझ्रा कोनिग ट्विटरवर हे विधान किंचित फिरवून गमतीने लिहितो. त्यातून पुढे बियॉन्सेच्या २०१६ सालच्या 'लेमनेड' अल्बममधले 'होल्ड अप' आकाराला येते, आणि त्याच्या श्रेयनामावलीत 'याह याह याह्ज'चे तिन्ही सदस्य दिसतात. जवळजवळ तेच वाक्य, पण खाली रेगीचा डुलता ठेका; चित्रफितीत पिवळ्या पोशाखातली बियॉन्से हसत हसत बेसबॉलच्या बॅटने मोटारींच्या काचा फोडत चालली आहे. विनवणीची धमकी झाली. त्यासाठी शब्द जवळजवळ बदलावेच लागले नाहीत. ज्या वाक्याचा अर्थ गयावया करणे आणि काचा फोडणे या दोन टोकांपर्यंत जाऊ शकतो, त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय लागणार?

'तुम्ही मुद्दाम शब्ददरिद्री गाणी निवडलीत' हा आक्षेप आता येईल. ठीक. मग लेखकाचेच गाणे घेऊ. 'द माउंटन गोट्स' हे ज्याच्या कामाचे नाव तो जॉन डार्निएल पुढे कादंबरीकार म्हणूनही नावाजला. त्याची 'वुल्फ इन व्हाइट व्हॅन' २०१४ साली अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या दीर्घ यादीत होती. त्याच्या २००२ सालच्या 'ऑल हेल वेस्ट टेक्सस' या अल्बमचे पहिले गाणे डेंटन नावाच्या गावातल्या, जगातल्या आजवरच्या सर्वोत्तम डेथ मेटल बँडविषयी आहे. बँड म्हणजे दोन पोरे, सायरस आणि जेफ. नाव काय ठेवायचे हेही त्यांचे पक्के नाही. कीर्ती मिळणार यावर दोघांची श्रद्धा. मग एकाला दूर कुठल्याशा शाळेत धाडले जाते, तू कधी प्रसिद्ध होणार नाहीस असे सांगितले जाते, आणि दोघे सूडाचा बेत रचतात. शेवटी गाणे सैतानाचा जयजयकार करत संपते.

कागदावर ही बरी लघुकथा आहे. विद्यार्थी लिहील : 'सैतान हे बंडखोरीचे प्रतीक असून कवीने उपरोधाचा वापर केला आहे.' पाचपैकी साडेतीन गुण. आणि हे उत्तर साफ चुकीचे आहे. गाण्यात उपरोध नावालाही नाही, आणि हे फक्त कानालाच कळते. हे गाणे डार्निएलने घरी, पॅनासॉनिकच्या कॅसेट रेकॉर्डरवर मुद्रित केले. त्या यंत्राच्या चाकांची घरघर फितीवर उतरली आहे. अल्बमभर ती ऐकू येते, गिटारच्या मागे, कधी गिटारच्याही वर. स्टुडिओ नाही, संपादन नाही. जी साधने सायरस आणि जेफला परवडली असती त्याच साधनांवर त्यांची गोष्ट सांगितली जाते. आणि आवाज : नाकातला, चिरका, सुरेलपणाची फारशी पर्वा नसलेला, प्रौढ माणसाचा. तो शेवटचा जयजयकार करताना पोरांची टिंगल करत नाही. त्यांच्या बाजूने उभा राहून ओरडतो. डार्निएलने पूर्वी मनोरुग्णालयात परिचारक म्हणून काम केले आहे. 'तुझ्या भल्यासाठी' पोरांना कुठे कुठे धाडले जाते हे त्याला ठाऊक असावे. पण हा चरित्रात्मक तपशील नसता तरी आवाजाने ते सांगितलेच असते. उपरोध आहे की निष्ठा, हा या गाण्याच्या अर्थाचा गाभा, आणि त्याचा निकाल छापील शब्दांत नाही. तो घरघरीत आहे.

घरघर हा शब्द आम्ही ओढूनताणून आणलेला नाही. मराठी वाचकाला दुसरीही एक घरघर आठवायला हवी. जात्यावरच्या ओव्या आपण पिढ्यान्पिढ्या छापील संग्रहांतून वाचल्या, साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून. त्या संग्रहांचे ऋण आम्ही मानतो. पण छापील पानावर ओवी ही चार चरणांची नेटकी कविता होते. आणि मग तिच्यावर स्त्रीमनाचा आविष्कार, करुण रस वगैरे निबंध लिहिणे सोपे जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कित्येकींचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून हा ठेवा 'पारी' या संकेतस्थळावर येऊ लागला. ज्यांनी तो नुसता वाचला नाही, ऐकला, त्यांना ठाऊक आहे की तिथे ओळी परतून येतात, एकीने सुरू केलेले दुसरी उचलते, मध्ये पालुपद शिरते, श्वास जात्याच्या फेऱ्याशी बांधलेला असतो. या श्रमाला वगळून उरते त्याला आपण 'लोकसाहित्य' म्हणून अभ्यासक्रमात घातले. डेंटनच्या पोरांवर जो अन्याय आज होतो आहे त्याची तालीम आपण घरच्याच बायांवर केलेली आहे.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत भक्कम ठाणे. ज्यांना गाण्यात कविताच शोधायची आहे त्यांच्यासाठी या दशकात जोअॅना न्यूसम आहे. तिचा 'ईस' (२००६) हा पाच गाण्यांचा, पंचावन्न मिनिटांचा अल्बम म्हणजे अंतर्यमक आणि दुर्मीळ शब्द यांची लयलूट. वाद्य हार्प, भोवती व्हॅन डाइक पार्क्सने बांधलेला वाद्यवृंद. पहिले गाणे 'एमिली' बारा मिनिटांचे आहे आणि ते तिच्या बहिणीला उद्देशून आहे. बहीण खगोलभौतिकीची अभ्यासक. तिने शिकवलेले आकाश आपण विसरू नये म्हणून गायिका ते पद्यात बांधू पाहते. अवकाशात भटकणारा दगड, वातावरणात पेटलेली त्याची प्रकाशरेषा आणि शेवटी जमिनीवर पडलेला दगड, यांना इंग्रजीत तीन वेगळी नावे आहेत. न्यूसमच्या पद्यात पहिले आणि तिसरे नाव अदलाबदल होऊन बसले आहे. गाण्याच्या अखेरीस ती व्याख्या पुन्हा येते. तिथेही ती दुरुस्त होत नाही.

कागदावर ही एक तर चूक आहे, नाही तर टीप देण्याजोगी 'कवीने घेतलेली मुभा'. गाण्यात तिसरेच काही घडते. एमिली न्यूसम स्वतः या गाण्यात साथीला गाते. ज्या बहिणीने धडा दिला ती, चुकीचा लक्षात राहिलेला धडा ज्या गाण्यात आहे त्याच गाण्यात, सूर मिळवून उभी आहे. विसरू नये म्हणून बांधलेल्या पद्यातच विसरणे शिरले आहे, आणि ज्या व्यक्तीला ते पहिल्यांदा कळले असते तिने ते तसेच राहू दिले. आम्ही हे गाणे कितीदा ऐकले त्याचा हिशेब नाही. बहिणींमधल्या मायेविषयी इतके नेमके काही मुद्रित साहित्यात क्वचितच वाचायला मिळते. पण ते पानावर नाही. पानावर फक्त चूक आहे.

सुफ्यान स्टीव्हन्सचे 'कॅसिमिर पुलास्की डे' ('इलिनॉय', २००५) हे मात्र वाचूनही बरेचसे हाती लागते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. हाडांच्या कर्करोगाने गेलेली मुलगी, तिच्यासाठी प्रार्थना करणारा वर्ग, काहीच न करणारा देव, आणि मार्चच्या पहिल्या सोमवारची ती इलिनॉय राज्यातली सुट्टी. तपशिलांची निवड कथाकाराची आहे. तरीही, क्षुल्लक तपशील आणि मृत्यू एकाच सपाट, कुजबुजत्या आवाजात येतात, बँजो दोन्हींसाठी सारखाच वाजत राहतो, आणि शब्द थकतात तिथे ट्रम्पेट पुढे होते. प्रार्थनेला उत्तर मिळाले नाही हे शब्द सांगतात. प्रार्थना तरीही थांबलेली नाही, हे ट्रम्पेट सांगते. 'एलसीडी साउंडसिस्टिम'च्या 'ऑल माय फ्रेंड्स'विषयी (२००७) इतकेच : साडेसात मिनिटे पियानोवर दोनच संगती, हात किंचित अडखळणारे, ध्रुपद नाही. वय वाढत जाण्याविषयीचे हे गाणे वय वाढावे तसेच वाढते. पुन्हा पुन्हा तेच, आणि अचानक लक्षात येते की फार पुढे आलो. याचे 'रसग्रहण' करायला बसणाऱ्याने आधी साडेसात मिनिटे काढावीत.

'साहित्याच्या शिक्षकाला संगीत कळत नाही, तो काय करणार?' हा आक्षेप नम्रतेचा आव आणतो, पण त्यात आळस आहे. रोलाँ बार्थ यांनी १९७२ सालीच 'आवाजाचा पोत' या कल्पनेवर निबंध लिहिला. दोन गायकांची तुलना करून एकाच्या गळ्यात शरीर ऐकू येते आणि दुसऱ्याच्या गळ्यात केवळ शिस्त, असे त्यांनी मांडले. सायमन फ्रिथ यांनी १९८७ मध्ये गाण्यांना शब्द का असतात हाच प्रश्न निबंधाला शीर्षक म्हणून घेतला. बार्थ यांचे नाव घेतल्याशिवाय ज्यांचा एक शोधनिबंध पुरा होत नाही, त्यांना त्यांचा हा निबंध नेमका वर्गात आठवत नाही. आणि परदेशी जायचे कारणच काय? आवाजाविषयी बोलायला मराठीइतकी समृद्ध परिभाषा किती भाषांत असेल? लगाव, ठहराव, पुकार, जवारी, खर्ज, कणस्वर, आस. नाट्यसंगीताच्या बैठकीला बसणारा कुठलाही जुना रसिक हे शब्द सहज वापरतो. अशोक दा. रानडे यांनी 'संगीताचे सौंदर्यशास्त्र' आणि 'लोकसंगीतशास्त्र' लिहून ही भाषा विचाराला जोडून दिली. साहित्य-विभागाच्या कपाटात ही पुस्तके 'संगीत' या लेबलाखाली वेगळ्या खणात पडून असतात. उलट मराठी समीक्षेत 'गेय' हे विशेषण निंदाव्यंजक झाले. नवकवितेच्या काळापासून एखादी कविता गेय आहे म्हणणे म्हणजे ती हलकी आहे असे सभ्यपणे सुचवणे. ज्यांनी गेयतेला वजाबाकीच्या रकान्यात टाकले तेच आता गाण्याला 'कविता' म्हणून बढती देताहेत. दोन्ही वेळा गाणे तेवढे बाहेर ठेवले गेले.

अरुण कोलटकरांनीही इंग्रजीत गाणी रचली होती. 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' (२००९) या त्यांच्या मरणोत्तर संग्रहात त्यांतली काही छापलेली आहेत. आमचा सूक्ष्म अनुभव असा की अभ्यासक ती पाने भराभर उलटतात, कारण 'जेजुरी'च्या मानाने ती कागदावर पातळ वाटतात. वाटणारच, ती गिटारसाठी होती.

'ऐकण्याची परीक्षा कशी घेणार? प्रश्नपत्रिका तर छापील असते', ही शेवटची अडचण आम्हांला एका अनुभवी शिक्षकमित्राने सांगितली. भाषा-प्रयोगशाळा बहुतेक महाविद्यालयांत आहे आणि ती वर्षातला बराच काळ कुलूपबंद असते. किल्ली शिपायाकडे मिळेल. प्रश्न आम्ही सुचवतो : 'हार्टबीट्स' या गाण्याची दोन्ही ध्वनिमुद्रणे प्रत्येकी दोनदा ऐका. शब्द लिहून घेऊ नका. दोन्हींतला सांगणारा त्या रात्रीपासून किती दूर आला आहे आणि हे तुम्हांला कशावरून कळले, ते आवाजाच्या लगावाचा निर्देश करून लिहा. गुण दहा. 'प्रतीक' हा शब्द आढळल्यास दोन वजा.